खुंट्याची आई आणि ह्युएन त्संगची बहीण

लोंगमेनला पोचल्यावर सगळे जण आधी मोठ्या बुद्धाकडे धावतात, तशी मीही धावले. डोंगरकड्यात कोरलेल्या उघड्या चौकात तो वैरोचन बुद्ध बसलाय. उंची १७ मीटरांहून थोडी जास्त, नुसते कानच जवळजवळ दोन मीटरांचे. समोरच्या फरसबंदीवर पाय ठेवायला जागा नाही. प्रत्येकाला बुद्धाबरोबर एकट्याचा फोटो हवा आणि मागची हजार माणसं त्यात यायला नकोत, त्यामुळे ढकलाढकली भरपूर. हे काम इ.स. ६७५ मध्ये पुरं झालं. त्यासाठी वू त्सेत्यान या राणीनं आपल्या शृंगाराच्या खर्चातून २० हजार माळा नाणी दिली, असं पायथ्याच्या लेखात आहे. (भोकाची तांब्याची नाणी दोरीत ओवून त्यांच्या हजार-हजारांच्या माळा करत.) पुढे हीच बाई स्वतःच्या नावानं सिंहासनावर बसली. चीनच्या इतिहासात असं करणारी ती एकटीच. बुद्धाचा चेहरा तिच्याच चेहऱ्यावरून बेतला, असं तिथला प्रत्येक गाइड शपथेवर सांगतो. मला ती दंतकथा वाटते. पण दंतकथा कोणाभोवती जमतात, यातूनही माणूस कळतो.

मला खरं अडवलं ते पलीकडच्या गुयांग लेण्यानं. आत अंधार, भिंती धुरानं काळ्या पडलेल्या, कठड्याबाहेरूनच बघायचं. नजर सरावली की दिसायला लागतं, भिंतीवर तळहाताएवढी जागासुद्धा रिकामी नाही. कोनाड्याला खेटून कोनाडा, प्रत्येकात बुद्ध किंवा बोधिसत्त्व, आणि बाजूला किंवा खाली कोरलेला लेख. लोंगमेनला सगळे मिळून सुमारे २,३०० लेणी आणि कोनाडे आहेत, मूर्ती लाखभर, आणि लेख २,८०० च्या आसपास. यी नदीच्या दोन्ही काठांवरचा हा चुनखडीचा डोंगर आहे, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडापेक्षा मऊ. अक्षरं बारीक आणि धारदार उमटतात ती त्यामुळेच.

माझी गाइड पंचविशीतली मुलगी, मूळची शीआनची. शाळेत सुलेखनाच्या तासाला तिनं याच लेखांचे ठसे गिरवले होते. ‘लोंगमेनचे वीस लेख’ म्हणून सुलेखनकारांत ते प्रसिद्ध आहेत, आणि त्यांतले १९ या एकाच लेण्यात आहेत. तिनं बोटानं हवेत फटकारे मारत मला त्यांतल्या सर्वांत जुन्या लेखाची गोष्ट सांगितली. साल ४९५. युची घराण्यातली एक बाई, नवरा दरबारातला मोठा अधिकारी. तिचा मुलगा गेला. मुलाचं नाव न्यूज्युए, म्हणजे गुरं बांधायचा खुंटा. त्याच्यासाठी तिनं मैत्रेयाची मूर्ती कोरून घेतली. लेखात तिनं मागितलंय, की मुलगा जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटावा. सुटला नाही तर निदान चांगल्या ठिकाणी जन्माला यावा. आणि कुठे हाल सोसत असेल तर तिथून त्याची लवकर सुटका व्हावी.

सरदाराच्या घरातल्या मुलाचं नाव खुंटा कसं? आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू ठेवतात, काळाची नजर लागू नये म्हणून. तसंच काहीसं असावं, असं मनात आलं. खातरी देता येणार नाही. गाइडला सांगितलं तर ती म्हणाली, “माझ्या आजोबांना गावात ‘कुत्र्या’ म्हणायचे, मॅडम.”

हे लोक कोण होते तेही सांगायला हवं. उत्तर वेई राजवट चालवणारे मूळचे हान चिनी नव्हेतच. ते उत्तरेच्या गवताळ मुलखातले घोडेस्वार. सम्राट श्याववेननं ४९४ मध्ये राजधानी आजच्या दाथोंगहून लोयांगला हलवली, आपल्याच लोकांना चिनी पोशाख आणि चिनी भाषा सक्तीची केली, आणि नव्या राजधानीशेजारच्या डोंगरात छिन्नी सुरू झाली. वाकाटकांच्या अस्तानंतर अजिंठ्याची छिन्नी थांबत आली होती, ती हीच दोन-तीन दशकं. एक डोंगर गप्प होतो आणि दुसरा बोलायला लागतो. यात कार्यकारण काही नाही, पण अजिंठ्याच्या वाऱ्या केलेल्या मराठी माणसाला हे जुळणं सोडवत नाही.

लोंगमेन बघताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ही सगळी घरची माणसं आहेत. कोणी मेलेल्या बापासाठी मूर्ती बसवलीय, कोणी आईसाठी, कोणी लढाईवर गेलेल्या नवऱ्यासाठी. राजालाही तेच सुचलं. मधलं पिनयांग लेणं श्याववेनच्या मुलानं आईवडिलांच्या पुण्यासाठी खोदवलं. पिनयांगच्या तिन्ही लेण्यांवर मिळून सन ५०० पासून ५२३ पर्यंत काम चाललं आणि ८,०२,३६६ मजूरदिवस खर्ची पडले, अशी नोंद वेई घराण्याच्या इतिहासात आहे. मजूरदिवसांचा इतका काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाला माझा नमस्कार. मधल्या लेण्याच्या दर्शनी भिंतीच्या आतल्या बाजूवर सम्राट आणि सम्राज्ञी यांच्या मिरवणुकांचे दोन मोठे शिल्पपट होते. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ते तुकड्या-तुकड्यांनी फोडून विकले गेले. आज एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, दुसरा कॅन्सस सिटीत. भिंतीवर राहिलेत ते छिन्नीचे घाव. लोंगमेनभर मुंडकी उडवलेल्या मूर्ती दिसतात, त्यांतल्या बऱ्याच धर्मद्वेषाच्या नव्हेत, याच बाजाराच्या बळी आहेत.

चीनमधल्या बौद्ध धर्माविषयी एक ठरलेलं वाक्य पुस्तकांत सापडतं: हा घर सोडायला सांगणारा धर्म होता, आणि चीननं त्याला मातृपितृभक्ती शिकवली. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. भिक्षू पहिल्यांदा तिथे दिसले तेव्हा चिनी पंडितांना तीन गोष्टी खटकल्या. मुंडन म्हणजे आईबापांनी दिलेल्या देहाची हेळसांड. लग्न न करणं म्हणजे वंश बुडवणं, आणि वंश बुडाला तर पितरांना अन्न कोण ठेवणार? तिसरी गोष्ट, हे लोक राजापुढे वाकत नाहीत. या तिसऱ्या मुद्द्यावर तर लूशान डोंगरावरच्या हुइयुआन या भिक्षूनं ४०४ मध्ये एक सबंध ग्रंथ लिहून भिक्षूंची बाजू मांडली होती.

दुसऱ्या अर्ध्याशी माझं भांडण आहे. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातला लेख आठवा. बुद्धभद्र नावाच्या भिक्षूनं ते लेणं आपल्या एका मित्राच्या, अश्मक राजाच्या मंत्र्याच्या, आणि आईवडिलांच्या नावे अर्पण केलंय. घर सोडलेला भिक्षू आईवडिलांसाठी पुण्य मागतोय! अजिंठ्यात शाक्यभिक्षूंनी रंगवून घेतलेल्या चित्रांखाली जो ठरावीक मजकूर येतो, त्यातही पुण्याच्या वाटेकऱ्यांत आईबाप सगळ्यांत पुढे, बाकीचे प्राणिमात्र त्यांच्यामागून. ग्रेगरी शोपेन या अमेरिकन अभ्यासकानं १९८४ मध्ये भारतातले असे लेख तपासून दाखवून दिलं, की ही चाल चीननं जोडलेली नाही, ती इथूनच गेली. आपण हे लेख वाचत नाही. पद्मपाणीसमोर दोन मिनिटं ‘वा वा’ करतो आणि बाहेर येऊन काकडी खातो.

मग चीननं केलं काय? जे आपल्याकडे लेण्याच्या कोपऱ्यात, भिक्षूच्या खाजगी मजकुरात होतं, ते त्यांनी चौकात आणून बसवलं. त्याच्याभोवती सण उभा केला, नाटकं उभी केली, नवी सूत्रंसुद्धा रचली. आईवडिलांच्या उपकारांवरचं एक सूत्र तर सरळसरळ चीनमध्येच लिहिलं गेलं. त्याचं संस्कृत मूळ कधी नव्हतंच. त्यावरून तेराव्या शतकात ताझू इथे डोंगरात शिल्पं कोरली गेली. चोंगचिंगजवळच्या त्या ठिकाणी मला जाता आलं नाही, पण छायाचित्रं मी कितीदा तरी पाहिलीत. एका शिल्पात आई रात्री अर्धवट झोपेत लेकराला शू करवतेय. ओल्यात आपण झोपून कोरड्यात बाळाला घालणं हे पुण्य म्हणून दगडात कोरलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

लोंगमेनहून आम्ही बाइमा मंदिरात गेलो. बाइमा म्हणजे पांढरा घोडा. हान सम्राट मिंगच्या स्वप्नात सोनेरी तेजाचा पुरुष आला, त्याच्या शोधात दूत पश्चिमेकडे गेले, आणि काश्यप मातंग व धर्मरत्न या दोन भारतीय भिक्षूंना घेऊन परतले. ग्रंथ पांढऱ्या घोड्याच्या पाठीवर होते. इ.स. ६८ मध्ये त्यांच्यासाठी हे मंदिर बांधलं, असं परंपरा सांगते. इतिहासकार या कथेकडे साशंकपणे बघतात. लोयांगमध्ये भाषांतराचं काम पक्कं धरता येतं ते १४८ च्या सुमारास आलेल्या आन शिकावपासून, आणि तो भारतीय नव्हता, पार्थियाचा होता. पण दरवाज्यातून आत शिरलं की दोन कोपऱ्यांत त्या दोन भारतीयांच्या गोल समाध्या आहेत, वर गवत वाढलेलं, आणि लोक हात जोडून पुढे सरकतात. त्या दोघांची नावं शाळेत मला कुणी शिकवली नव्हती.

चिनी मंदिराचा आराखडा एकदा कळला की पुढचं कुठलंही मंदिर आंधळ्यानं फिरावं. एकामागे एक चौक, सगळं उत्तर-दक्षिण अक्षावर. पहिल्या दालनात चार दिक्पाल आणि मधोमध खो खो हसणारा, पोट सुटलेला मैत्रेय. हा मूळचा दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा, झेच्यांगमधला पुताय नावाचा पिशवी घेऊन हिंडणारा भिक्षू. लोकांनी त्यालाच भावी बुद्ध मानलं. आपल्याकडे भेटवस्तूंच्या दुकानांत ‘लाफिंग बुद्धा’ म्हणून जो विकतात तो हाच. गौतम बुद्धाशी त्याचा संबंध नाही, हे सांगून सांगून मी थकलेय. त्याच्या पाठीला पाठ लावून चिलखत घातलेला वेइथुओ उभा असतो, म्हणजे आपला स्कंद. त्यानंतरच्या मोठ्या दालनात शाक्यमुनी. त्याच्यामागे कुठेतरी ग्वानयिन. आपला अवलोकितेश्वर, कान्हेरीच्या भिंतीवर मिशी नसली तरी पुरुषच असलेला, सोंग राजवटीपासून पुढे तिथे हळूहळू स्त्री झाला, पांढरी वस्त्रं ल्यायला आणि बायकांना मुलं देऊ लागला. ग्वानयिनपुढची गर्दी शाक्यमुनीपुढच्या गर्दीपेक्षा नेहमी जास्त असते.

दारातच तीन उदबत्त्या फुकट मिळतात. त्या दोन्ही हातांनी कपाळाशी धरून चारी दिशांना वाकायचं, धुपाटण्याच्या राखेत खोचायच्या, मग गुडघे टेकायला ठेवलेल्या पिवळ्या उशीवर तीनदा डोकं टेकवायचं. दानपेटीला क्यूआर कोड चिकटवलेला. भिक्षूंच्या राखी झग्यांच्या बाहीतून मोबाइल डोकावतात. पुस्तकांच्या टपरीवर प्लास्टिकची छोटी पेटी मिळते. बटण दाबलं की ‘अमितुओफो, अमितुओफो’ असा जप अखंड चालू. अमिताभ बुद्धाचं हे नाव नमस्कार म्हणून, निरोप म्हणून, ‘अरे देवा’ म्हणूनही वापरतात. संध्याकाळच्या पाठाला आम्ही थांबलो. माशाच्या आकाराच्या पोकळ लाकडावर एक भिक्षू ठोका धरतो, आणि चाळीसेक आवाज एकाच लयीत, श्वास न घेतल्यासारखे धावतात. धारणीचे शब्द मूळ संस्कृत, पण चिनी उच्चारांतून इतके दळले गेलेत, की कान लावून मला एकच शब्द हाती लागला: नमो.

“तू बौद्ध आहेस का?” मी गाइडला विचारलं.

“नाही. मला धर्म नाही,” ती चटकन म्हणाली. मग जरा थांबून, “आई चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मांस खात नाही. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेआधी आम्ही दोघी ग्वानयिनला जाऊन आलो होतो. आजीच्या अंत्यविधीला भिक्षू बोलावले होते. पण मी बौद्ध नाही, मॅडम.”

असं उत्तर मला नंतरही बऱ्याच जणांकडून मिळालं. आमच्याकडे नेमकं उलट आहे. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांबरोबर ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांच्यासाठी ‘मी बौद्ध आहे’ हे वाक्य मोठ्यानं म्हणणं हाच दीक्षेचा प्राण होता. तिथे ते वाक्य म्हणायची गरजच कुणाला पडत नाही.

बाइमाच्या आवारात थायलंड आणि म्यानमार यांनी आपापल्या शैलीत मंदिरं बांधलीत, आणि भारतानंही. आपलं मंदिर सांचीच्या स्तूपावर बेतलेलं, वेदिका आणि तोरण असलेलं. मे २०१० मध्ये त्याचं उद्घाटन तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं. आम्ही गेलो तेव्हा तिथे फारसं कुणी नव्हतं. उदबत्त्यांचा धूर नाही, उशा नाहीत, जप नाही. स्वच्छ, गुळगुळीत दगड. चिनी माणसं आत येत, घुमट किती छान घुमतो ते एकदा ओरडून बघत आणि निघून जात. मला ते मंदिर थोडं परकं वाटलं, हे कबूल करते.

मूळ बाइमा मंदिराचे हालही पुष्कळ झालेत. सांस्कृतिक क्रांतीत इथल्या मूर्ती फोडल्या, ग्रंथ जाळले. पुढे १९७३ मध्ये कंबोडियाचे राजपुत्र सिहानूक यांनी बाइमा पाहायची इच्छा व्यक्त केली आणि सरकारची धांदल उडाली. पाहुण्याला दाखवायचं काय? बीजिंगच्या राजवाड्यातून जुन्या मूर्ती उचलून इथे आणून बसवल्या. मोठ्या दालनातले युआन काळातले, लाखेचे १८ अर्हत त्यांतलेच. किती जिवंत चेहरे आहेत! एक कंटाळलेला, एक वाद घालणारा, एक मनातल्या मनात हसणारा. राजवाड्यातून बदली होऊन आलेले कर्मचारी.

असे घाव नवे नव्हते. सर्वांत मोठा घाव ८४५ चा. तांग सम्राट वूत्सोंगनं ४,६०० मोठे मठ आणि ४० हजार छोटी देवळं पाडायचा हुकूम काढला, २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत धाडलं, काशाच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली आणि लोखंडाच्या मूर्तींची शेतीची अवजारं केली. कारण मुख्यतः पैशाचं. मठांच्या जमिनीवर कर नव्हता आणि भिक्षूंकडून वेठ घेता येत नव्हती. वर्षभरातच सम्राट मेला आणि हुकूमही. पण ग्रंथ, भाषांतरं आणि मोठ्या मठांवर उभे असलेले पंथ त्यानंतर सावरले नाहीत. तगले दोनच: स्वतः शेत कसून खाणारे ध्यानमार्गी, आणि अमिताभाचं नाव घेणारे साधे लोक. ज्यांना मठाची इमारत लागत नव्हती, ते उरले.

लोयांगमधली आमची शेवटची रात्र सातव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेची होती. आपल्याकडे त्या वर्षी तीच नारळी पौर्णिमा. हॉटेलसमोरच्या चौकात अंधार पडल्यावर माणसं कुटुंबाकुटुंबानं येऊ लागली. खडूनं रस्त्यावर वर्तुळ काढायचं, पण पुरतं मिटवायचं नाही. एका बाजूला फट ठेवायची, पितरांना आत यायला. आत कागदी नोटांचा ढीग पेटवायचा. नोटा परलोकाच्या बँकेच्या, एकेकीवर इतकी शून्यं की तिथली महागाई किती असेल, असं वाटावं. माझ्यासमोर पन्नाशीची एक बाई काठीनं आग सारखी करत मोठमोठ्यानं बोलत होती. गाइडनं सांगितलं, ती सासऱ्यांना म्हणतेय, पैसे घ्या, काटकसर करू नका, थंडीचे कपडे करा. उठताना तिनं मूठभर नोटा वर्तुळाबाहेर पेटवल्या. त्या ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी. सर्वपित्रीला आमच्या आजीचं एक पान असंच असायचं, आणि कावळा लवकर शिवला नाही की तीही आजोबांशी अशीच जोरात बोलायची.

या रात्रीमागे कथा आहे ती मौद्गल्यायनाची, चिनी लोकांच्या मूलियनची. त्याची आई मेल्यावर प्रेतयोनीत गेली. तो सिद्धीच्या बळावर तिथे पोचला, तिच्यापुढे अन्न धरलं, आणि ओठाशी नेताच त्या अन्नाचे निखारे झाले. बुद्धानं सांगितलं, एकट्या मुलाच्यानं हे होणार नाही. वर्षावास संपतो त्या दिवशी सगळ्या संघाला भोजन घाल. चिनी मठांत वर्षावास सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला संपतो, म्हणून हा दिवस. महाराष्ट्रातल्या विहारांत तो आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत असतो, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन करत, आणि तिथे मौद्गल्यायनाच्या आईची आठवण कुणी काढत नाही. पितरांच्या नावानं चालणाऱ्या कर्मकांडाला तिथे थारा नसणं साहजिकच आहे. चीनमध्ये मात्र याच कथेनं भिक्षूला घरात पाऊल ठेवू दिलं: तो घर सोडून गेलाय, पण आईला सोडवायचं तर त्याच्याचकडे जावं लागतं.

शीआनला गाडीनं दीडेक तास. पहिल्यांदा शहराबाहेरच्या छावथांग मंदिरात गेलो. ४०१ मध्ये छांगआनला आणलेल्या कुमारजीवाची ही जागा. बाप भारतीय, आई कुचाची राजकन्या, आणि चिनी त्याची अशी, की त्यानं केलेलं वज्रच्छेदिकेचं भाषांतर आजही मठांत तेच म्हणतात. ८६८ सालचं, तारीख असलेलं जगातलं सर्वांत जुनं छापील पुस्तक म्हणून जे लंडनला ठेवलंय, तेही हेच भाषांतर. त्याची एक हकिकत भिक्षूंच्या चरित्रग्रंथात आहे. राजाला वाटलं, एवढी बुद्धी वंशाशिवाय वाया जाणार. म्हणून त्यानं दहा स्त्रिया त्याच्याकडे पाठवून त्याला वेगळं घर करायला लावलं. कुमारजीव मग प्रवचनाआधी श्रोत्यांना सांगे, चिखल पाहू नका, कमळ तेवढं घ्या. राजाचं डोकं किती चिनी पद्धतीनं चाललं होतं! साधू मोठा आहे? मग नातवंडं कुठे आहेत?

शीआनमधल्या मोठ्या हंस पॅगोड्याभोवती तर जत्राच असते. भाड्याच्या तांगकालीन झग्यांत, कपाळावर लाल टिकली लावून मुली फोटो काढून घेतात, उत्तरेच्या मैदानात संगीतावर कारंजी नाचतात. चौकात ह्युएन त्संग काठी घेऊन उभा. त्याच्यामागचं त्स-अन मंदिर ६४८ मध्ये युवराजानं बांधलं, मेलेल्या आईच्या पुण्यासाठी. इथेही आईच. ह्युएन त्संग त्याचा पहिला महंत झाला. ६४५ मध्ये तो भारतातून परतला तेव्हा २० घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. ते सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ मध्ये हा विटांचा मनोरा उभा राहिला. आज तो सात मजली, ६४.५ मीटर उंच आहे. लाकडी जिना चढताना दम लागतो आणि प्रत्येक मजल्याच्या चार कमानींतून चार दिशांचं शहर दिसतं. परतल्यानंतरची १९ वर्षं ह्युएन त्संगनं भाषांतरात घालवली: ७५ ग्रंथ, १,३३५ खंड.

त्याच्या शिष्यानं लिहिलेल्या चरित्रातला एक प्रसंग मला या सगळ्या आकड्यांहून मोठा वाटतो. ६५७ मध्ये तो सम्राटाबरोबर लोयांगला गेला. त्याचं गाव तिथून जवळच. लहानपणीच पोरका झालेला, तेराव्या वर्षी मठात गेलेला हा माणूस गावात घरचं कोणी आहे का ते शोधू लागला. एक थोरली बहीण तेवढी उरली होती, दूर दिल्या घरी. तिला बोलावून त्यानं विचारलं, आईबाबांना कुठे पुरलंय? धामधुमीच्या काळात घाईत केलेल्या त्या कबरी ढासळल्या होत्या. त्यानं सम्राटाकडे रजा मागितली, नवी जागा पाहिली, आणि आईवडिलांचे अवशेष रीतसर पुन्हा पुरले. खर्च सरकारनं केला. नालंदेत शीलभद्रांपाशी विज्ञानवाद शिकलेला, सगळं काही चित्ताचाच खेळ आहे असं मानणारा आचार्य बहिणीचा हात धरून कबर शोधत हिंडतोय. यात त्याला विसंगती वाटली असेल, असं मला वाटत नाही. सम्राटाला वाटली नाही, हे तर नक्कीच.

पॅगोड्याखालच्या दालनात त्याच्या प्रवासाचा नकाशा लावलाय. तांबड्या रेषेवरून मी बोट फिरवत दख्खनपर्यंत आले. ६४१ च्या सुमारास तो आपल्याकडे येऊन गेला. इथले लोक ताठ, उपकार न विसरणारे आणि अपमान तर मुळीच न विसरणारे. लढाईआधी हत्तींना दारू पाजणारे. हरलेल्या सेनापतीला बायकी वस्त्रं नेसवून लाजवणारे. आणि पुलकेशी राजा हर्षालाही दाद न देणारा, असं त्यानं नोंदवलंय. शंभरावर मठ आणि पाचेक हजार भिक्षू असल्याचंही लिहिलंय. राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात, दरीत, खडकातला एक मोठा विहार आणि दाराशी दोन दगडी हत्ती, असंही एक वर्णन आहे. ते अजिंठाच, असं बहुतेक अभ्यासक धरतात.

गाइडला हे शाळेत शिकवलं होतं, पण गावाचं नाव माहीत नव्हतं. “ते हत्ती अजून आहेत?” तिनं विचारलं.

“आहेत. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी, दोन बाजूंना दोन. सोंडा तुटल्यात.”

“जायचं कसं?”

“मुंबईहून रेल्वेनं जळगावला उतर. तिथून एसटी.” एसटी म्हणजे काय ते समजावून सांगण्यात आमचा पुढचा अर्धा तास गेला, आणि तेवढ्यात पॅगोडा बंद व्हायची वेळ झाली.